मुलाचा बार मित्झवा साठ हजारात, ठाण्यात जमेल का?

चरईची_आई

नमस्कार. इथे मुंज, बारसं, साखरपुडा सगळ्यावर चर्चा वाचल्यात पण हा विषय कधी निघालेला दिसला नाही म्हणून विचारतेय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, कोकणात शनिवार तेली म्हणायचे ना, ते. राहतो चरईत, नवऱ्याची ठाण्यातली ही तिसरी पिढी. मुलगा मार्चमध्ये तेरा पूर्ण करतोय, त्याचा बार मित्झवा करायचाय आणि हातात आहेत साठ हजार. त्यातले वीस सासूबाईंनी एफडी मोडून दिलेत त्यामुळे एकेक रुपया काढताना त्यांचं तोंड डोळ्यापुढे येतं.

गेल्या वर्षी नणंदेच्या मुलाचा बार मित्झवा झाला घोडबंदर रोडला हॉल घेऊन. डीजे, सेल्फी पॉइंट, मुलाचा पुरुषभर उंचीचा कटआऊट, दोनशे माणूस. मुलाने सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, काय वाचलं ते कुणाला आठवत नाही पण चॉकलेटचं कारंजं अजून सगळे काढतात. आता तेच माप आम्हाला लागलंय. मी त्याच हॉलला फोन केला तर अकराशे रुपये प्लेट, वर जीएसटी, आणि दीडशे प्लेटच्या खाली बोलायचंच नाही. फोन ठेवला आणि गपचूप चहा टाकला.

दीर इस्राएलला आहेत, ते म्हणतात जेरुसलेमला कोतेलवर, म्हणजे तिथल्या पवित्र भिंतीपाशी, करा. तिकिटाचे पैसे कोण देणार ते काही म्हणत नाहीत.

तर मला विचारायचंय की नेमकं काय केलंच पाहिजे आणि काय नुसतं हौसेचं आहे? जेवण कुठे, कसं? सासऱ्यांचे तेफिल्लीन, म्हणजे प्रार्थनेला हातावर आणि डोक्यावर बांधायच्या चामड्याच्या डब्या, घरात आहेत लाल मखमलीच्या पिशवीत, पण पट्टे इतके कडक झालेत की उलगडताना कटकट आवाज येतो, ते चालतील का? आणि चौथी गोष्ट, लेकाचं हिब्रू. त्याने सगळं वहीत देवनागरीत लिहून घेतलंय आणि वही झाकली की गाडी बंद.

पाचपाखाडीची_अनू

मी ज्यू नाही पण वाचायला थांबले. हे म्हणजे तुमच्यातली मुंज का? माझ्या मुलाची मुंज दोन वर्षांपूर्वी केली तेव्हा मीही असाच हिशोब मांडत बसले होते, त्यात सगळ्यात जास्त पैसे कुठे गेले माहितीये, आहेराच्या परतभेटीत. दीडशे स्टीलचे डबे. निम्मे लोकांनी माझ्यासमोरच पुढच्या कार्यात फिरवले. त्यामुळे परतभेट अजिबात ठेवू नका एवढंच सांगते, बाकी तुमचे जाणकार सांगतील. आणि आमच्यासारख्या लोकांना तुमच्या देवळात येता येतं का हो? टेंभी नाक्यावरून, सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूने कितीदा गेले असेन पण आत कधी पाऊल टाकलं नाही.

उथळसरकर

अनूताई, मुंजीसारखं म्हणा पण एक मोठा फरक आहे आणि तोच या बाईंच्या खिशाला वाचवणार आहे. मुंज लावावी लागते. बार मित्झवा लावावा लागत नाही, मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो आपोआप होतो, मित्झवा म्हणजे आज्ञा, तेराव्या वाढदिवसापासून त्या आज्ञा पाळायची जबाबदारी त्याची. समारंभ केला काय न केला काय. मुलगी असेल तर बाराव्या वर्षी. आत यायला काही अडचण नाही, पुरुषांनी डोकं झाकायचं, गेटवर ओळखपत्र बघतात म्हणून नावं आधी देऊन ठेवलेली बरी. आमच्या आजोबांच्या वेळेची माणसं त्याला मशीदच म्हणायची. शआर हाशामाइम, स्वर्गाचं दार, १८७९ चं आहे.

आता मूळ प्रश्न. चरईच्या वहिनी, खरं करायचं काय तर मुलाला सेफर तोरावर, म्हणजे हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीसमोर, बोलवायचं, त्याने आशीर्वाद म्हणायचे, जमलं तर वाचायचं, वडिलांनी एक छोटी बराखा, म्हणजे आशीर्वाद, म्हणायची की आजपासून याच्या कर्माची जबाबदारी माझ्यावरून उतरली (ही म्हणताना माझा आवाज फुटला होता, मुलगा नंतर हसत होता). आणि तेफिल्लीन. यात हॉल कुठे आला?

पहिली गोष्ट तारीख. इंग्रजी वाढदिवस धरू नका, हिब्रू तारीख काढा. जन्म कोणत्या दिवशी आणि मुख्य म्हणजे दिवस मावळायच्या आधी की नंतर? आपला दिवस संध्याकाळी बदलतो, रात्री आठचा जन्म असेल तर पुढची तारीख.

दुसरं, शनिवारच हवा असं नाही. तोरा सोमवारी आणि गुरुवारीही वाचतात. गुरुवारचं वाचन लहान, तीन जण वर बोलावतात, हाफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या पुस्तकातलं जादा वाचन, नाही. शब्बाथला म्हणजे शनिवारी सात जण, वर हाफ्तारा, म्हणजे पोराच्या मानगुटीवर डबल. आणि शब्बाथला तेफिल्लीन बांधत नाहीत, फोटो काढता येत नाहीत, गाडी नाही, गॅस पेटवायचा नाही. गुरुवारी सकाळी सगळं उरकतं, फोटो पण निघतात आणि वर ज्यांना नुसतं जेवायलाच यायचं असतं ते रजा टाकून येत नाहीत. पाहुण्यांची यादी आपोआप गळते.

घोडबंदर_बॉय

काका गुरुवारी सकाळी कोण येणार पण? सगळे नोकरीवाले. मला विचाराल तर मुलाचं आयुष्यात एकदाच होतं, पर्सनल लोन काढा दीड लाखाचं, दोन वर्षांत फिटतं, आठवणी राहतात. माझा झाला तेव्हा साधा केला आईबाबांनी आणि मला आजपण वाटतं की जरा मोठा करायला हवा होता.

चरईची_आई

@घोडबंदर_बॉय लोन नाही रे बाबा. घराचा हप्ता आहे, आणखी एक नको.

@उथळसरकर खूप खूप आभार, या सगळ्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं, माझा जन्म मुरूडचा आणि आमच्यात मुलींचं काही केलं नव्हतं त्या काळी. जन्म १६ मार्च २०१४, दुपारी अडीचला, सिव्हिलमध्येच. त्या रात्री होळी होती, खाली पेटवली होती ते वॉर्डातून दिसत होतं.

उथळसरकर

अहो मग तो आपल्या पुरीम सणाचा जन्म आहे! १६ मार्च २०१४ ला पुरीम होता, हिब्रू तारीख १४ अदार शेनी. आपली जुनी माणसं पुरीमला होळीचा सणच म्हणायची, तुमच्या लेकाने दोन्ही साधले. २०२७ ला पुरीम २३ मार्चला येतोय, मंगळवार, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे त्या दिवशी तो तेराचा, इंग्रजी वाढदिवसाच्या एक आठवडा नंतर. तुमच्या इंग्रजी तारखेला केला असता तर सात दिवस कच्चाच राहिला असता.

पण २५ मार्चचा गुरुवार धरू नका, परीक्षा असेल त्याची. मी पंचांग उघडून बसलोय आत्ता. ८ एप्रिल बघा. गुरुवार आहे आणि त्याच दिवशी रोश होदेश निसान, म्हणजे आपल्या महिन्याचा पहिला दिवस. रोश होदेशला तीनऐवजी चार जण वर जातात, म्हणजे आजोबा किंवा काका कुणाला तरी एक मान जास्त देता येतो, रुसवे कमी. आणि खरी मजा पुढे आहे. बाकी गुरुवारी वाचन दर आठवड्याला बदलतं, रोश होदेशचं वाचन साध्या दिवशी दर महिन्याला तेच असतं, तोरातल्या गणनेच्या पुस्तकातला २८ वा अध्याय, पहिली १५ वाक्यं. म्हणजे पोराने आत्तापासून दर रोश होदेशला सिनेगॉगमध्ये जाऊन नुसतं कान देऊन बसायचं, तोपर्यंत पाच सहा वेळा तेच ऐकून होईल. हझानसाहेबांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, साधा दिवस असला की करता येतं.

देवनागरीची वही मात्र आजच बंद करा. सेफर तोरामध्ये काना मात्रा काहीच नसतं, नुसती व्यंजनं, सूरही लिहिलेले नसतात. वहीवर शिकलेलं पोर तिथे उभं राहिलं की थिजतं. रोज दोन वाक्यं, हिब्रूतून, बोट ठेवून. पंधरा वाक्यांना किती दिवस लागतात? आणि समजा नाहीच जमलं तर त्याने नुसते आशीर्वाद म्हणायचे, वाचन हझान करतील, त्याने काही बार मित्झवा अर्धा होत नाही.

वाशी_सेक्टर_नऊ

उथळसरकर काका बरोबर बोलतायत पण एक राहिलं, मिन्यान. दहा पुरुष नसतील तर सेफर बाहेरच निघत नाही. माझ्या भावाच्या वेळेला सोमवार होता, साडेसातला नऊ जण. नऊ! भाऊ घामाघूम, आई बायकांच्या बाजूने खुणा करतेय, दहावे काका मुलुंडला उतरून उलटी लोकल पकडून आले, आठ वाजून वीस मिनिटांनी, हातात टिफिन तसाच. त्यामुळे "सगळे येणार आहेत" वर जाऊ नका. चौदा पुरुषांना नाव घेऊन फोन करा, आदल्या रात्री परत करा. रिटायर माणसं धरा, ती वेळेच्या आधी येतात.

आणि सुक्यामेव्याचं मला सांगा, मी एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये कामाला आहे, खजूर, काळ्या मनुका, बदाम घाऊक भावात काढून देतो. फळं पण पलीकडेच, पहाटे गेलात तर.

पनवेलची_लेक

जेवणाबद्दल मी बोलते कारण आमच्याकडे यात फजिती झालेली आहे. पनवेलच्या आमच्या बेथ एलमध्ये (१८४९ चं, ठाण्यापेक्षा जुनं, एवढं मिरवू द्या) प्रार्थना मस्त झाली आणि जेवणाला बाहेरचा केटरर. त्याला आईने तीनदा सांगितलं होतं की मांस आणि दूध एकत्र नाही. तो हो हो म्हणाला. आणि पानात काय, चिकन बिर्याणी आणि शेजारी रायता. रायता बाजूला केला असता पण आत्याने विचारलं मसाल्याला काय लावलंय, तर दही. साठ जणांपैकी वीसेक जण केळी आणि वेफर खाऊन घरी गेले. त्याची काही चूक नाही म्हणा, त्याला बिर्याणी म्हणजे दही. आणि चिकन तरी आपल्या शोहेतकडचं, धर्माच्या रीतीने कापणाऱ्याकडचं, कुठे होतं.

म्हणून शाकाहारीच करा. कोशरची, म्हणजे आपल्या खाण्याच्या नियमांची, निम्मी डोकेदुखी तिथे संपते, चहात दूध घालता येतं, श्रीखंड ठेवता येतं. सिनेगॉगची भांडी मिळतात का विचारा आणि घरगुती जेवण करणाऱ्या बायका धरा ज्या तिथे येऊन रांधतील. पुरी, बटाट्याची सुकी भाजी, नारळाच्या दुधातला पुलाव, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड. बस. फ्लॉवर आणि पालेभाजी घेऊ नका, कीड बघत निवडत बसायला कोणाला वेळ आहे. ताटाला पत्रावळी द्रोण, जांभळी नाक्याला मिळतात.

पाचपाखाडीची_अनू

वालाचं बिरडं ठेवा की! तुमच्यातलं बिरडं फार छान असतं असं ऐकलंय.

पनवेलची_लेक

अनूताई छान असतं हो पण बिरडं आमच्यात बिरड्याच्या रोजाचं, जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या शोकाच्या उपासाशी जोडलेलं. एरवी घरी खातो पण बार मित्झवाला पानात दिसलं की एखादी म्हातारी हमखास म्हणणार, कोण गेलं गं? 😄

मलिदा, आपला गोड पोह्यांचा प्रसाद, मात्र विसरू नका आणि मलिदाला केटरर नको, घरीच. साठ माणसांना तीन किलो पोहे घ्या, पातळ नकोत, त्याचा लगदा होतो. पोहे नुसते चाळणीत पाण्याखाली धुवायचे आणि अर्धा तास झाकून ठेवायचे, भिजत घालायचे नाहीत. सात आठ नारळ खवून, दीड किलो साखर, वेलची, जायफळ, वरून बदाम काजू मनुका. हाताने हलकं कालवायचं, पोह्याचा दाणा सुटा राहिला पाहिजे. ताटात मधोमध ढीग, भोवती फळं, खजूर, केळी, सफरचंद, संत्रं, आणि वर गुलाब. केळं आवर्जून ठेवा, कारण झाडाच्या फळाची बराखा वेगळी आणि जमिनीतून आलेल्याची वेगळी, केळं जमिनीच्या बराखात जातं, लेकाला त्या दिवशी ते पण शिकवता येईल. खोबरं आदल्या दिवशी खवून ठेवू नका, एप्रिल आहे, आंबतं.

किद्दूशला, म्हणजे रसावर म्हणायच्या आशीर्वादाला, बाटलीबंद द्राक्षरस कशाला, आपलं मनुकांचं शरबत करा. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, सकाळी उकळून, कुस्करून, फडक्यातून पिळून. दोन किलोत सगळ्यांना छोटे कप पुरतात. माझी आजी पिळताना कुणाला बोलू द्यायची नाही, का ते कधीच सांगितलं नाही.

आशदोदची_मावशी

इस्राएलहून लिहितेय, मूळ ठाण्याचीच, महागिरीत बालपण गेलं. तेफिल्लीनचं मी सांगते कारण त्यात फसवणूक खूप आहे.

सासऱ्यांचे आहेत ना, टाकू नकोस गं. पट्टे कडक झाले तर पट्टे नवे बसतात, त्याला फार पैसे पडत नाहीत. खरी किंमत डबीच्या आतल्या चर्मपत्राची आहे, चार उतारे असतात हाताने लिहिलेले, एक अक्षर जरी तडकलं किंवा शाई उडाली तरी ते चालत नाहीत, आणि बाहेरून काहीच कळत नाही. ठाण्यामुंबईच्या दमट हवेत पन्नास वर्षं पडलेले असतील तर बघायलाच हवेत. ते सोफेर, म्हणजे धर्मग्रंथ लिहिणारा लेखनिक, उघडून बघतो, शिवण उसवून परत शिवतो. डबीचे कोपरे चौकोनी आहेत का आणि काळा रंग उडालाय का ते तू घरीच बघ आणि फोटो टाक. डबी स्वतः उघडायला जाऊ नकोस!

ऑनलाइन स्वस्तात दिसले तर घेऊ नकोस. आत छापील कागद निघतो, शोभेची वस्तू ती. नवा चांगला जोड घ्यायचा तर तुझ्या बजेटचा निम्मा भाग त्यातच जाईल, म्हणून आधी जुने तपास. तुझे दीर इथेच आहेत ना, कोतेलची भाषा करतात, त्यांना म्हणावं कोतेल राहू दे, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तेफिल्लीन पाठवते, सोफेरकडे नेऊन तपासून नवे पट्टे घालून परत पाठवा, खर्च तुमचा. काकाची भेट म्हणून शोभेल आणि त्यांचंही तोंड बंद होईल. आपण सेफार्दी पद्धतीचे, आतलं लिखाण आणि गाठ त्याच पद्धतीची हवी हे त्यांना सांग, नाहीतर इथला दुकानदार भलताच जोड देतो.

सिसिथ, प्रार्थनेची शाल, कुणाची आहे? आजोबांची असेल तर तीच दे. पिवळी पडलेली असली तरी चारी कोपऱ्यांचे दोरे अखंड असले की झालं.

घोडबंदर_बॉय

मावशी दीराला बरोबर कामाला लावलंत 😂 ओके लोनचा मुद्दा मागे घेतो. पण संध्याकाळी मुलाच्या मित्रांसाठी काहीतरी ठेवा हो, मला तेच राहिलं होतं मनात, हॉल नव्हे. सकाळचं सगळं मोठ्यांचं असतं, शाळेतल्या पोरांना काय कळणार. टर्फवर एक तास क्रिकेट आणि नंतर वडापाव. बारा पोरं. चार हजारात होतं.

वाशी_सेक्टर_नऊ

हे आवडलं. वडापाव पण शाकाहारी, पनवेलची लेक खूश.

मी म्हणतो मलिदा आदल्या संध्याकाळी घरी करा. ७ एप्रिल बघितलं का, गुढीपाडवा आहे, सुट्टी. संध्याकाळ झाली की आपला रोश होदेश सुरूच झाला. सोसायटीतले लोक पाडव्याचे कपडे घालून घरीच असतील, त्यांनाही बोलवा, सिनेगॉगमध्ये गर्दी नको. फक्त सकाळी कौपीनेश्वरहून स्वागतयात्रा निघते, तळावपाळी बंद असते, सामान आदल्या दिवशीच घरात आणा. आणि गुलाब आठवडाभर आधी सांगून ठेवा, पाडव्याला फुलवाले कुणाचे नसतात.

चरईची_आई

तीन दिवस झाले, उत्तर द्यायला उशीर झाला कारण घरात मोठी बैठक झाली. मी तुमचे सगळे मेसेज सासूबाईंना वाचून दाखवले. आशदोदच्या मावशींचा दोनदा, कारण दीराला काम लावायचं ऐकून त्यांना फार बरं वाटलं. दीर तयार झाले. जरा कुरकुरले पण झाले. डिसेंबरात ओळखीचं एक कुटुंब इथे येऊन परत जातंय, त्यांच्या हातून तेफिल्लीन जातील. कोपरे चौकोनी आहेत, एका डबीच्या कडेला रंग उडालाय, फोटो मावशींना पाठवला.

हझानसाहेबांना भेटून आले. ८ एप्रिल त्यांनी वहीत लिहून घेतली. रेकॉर्डिंग द्यायला हो म्हणाले पण अट घातली की पोराने दर रविवारी येऊन त्यांच्यासमोर वाचायचं, फी नको म्हणाले, येताना तोराचं छापील पुस्तक कव्हर घालून आण म्हणाले, पानं गळतायत. देणगी आम्हीच पाच हजार ठरवलीय.

हिशोब असा बसतोय. मलिदा, फळं, मनुका, सुकामेवा धरून साडेचार हजार, वाशीचे दादा देतील तो भाव वेगळा. सत्तर माणसांचं जेवण, आमच्या बिल्डिंगमागे पोळीभाजीचं काम करणाऱ्या दोघी येऊन रांधणार, दोनशे वीस रुपये पान, म्हणजे पंधरा हजार चारशे. मुलाचे कपडे चार, देणगी पाच, फोटो नवऱ्याच्या ऑफिसातला मुलगा दोन तासांचे पाच हजार घेतो, टर्फ आणि वडापाव चार, पत्रावळ्या, फुलं, रिक्षा, सटरफटर तीन. एक्केचाळीस हजाराच्या आत येतंय. मी दोनदा बेरीज केली, मला खरंच वाटेना. सासूबाईंच्या वीसातले एकोणीस हजार परत बँकेत जाणार.

नणंद म्हणाली एवढं साधं? मी काही बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या मुलाने काय वाचलं होतं गं? मग ती पण काही बोलली नाही. मला जरा वाईट वाटलं तिच्यासाठी, खोटं कशाला सांगू.

उथळसरकर

वा. फक्त यादीत एक राहिलं. वाचून झालं की वरून गोड गोळ्या फेकायच्या असतात पोरावर. मऊ आणा! माझ्या मुलाच्या वेळेला आमच्या मेहुण्याने कडक लिमलेट आणल्या होत्या आणि बायकांच्या सज्जातून एक सटकन आली ती थेट हझानांच्या चष्म्यावर. काच गेली. साडेआठशे रुपये, ते बजेटमध्ये नव्हते.

चरईची_आई

नारळाच्या वड्या फेकल्या तर चालतील का? कागदात गुंडाळून?

पनवेलची_लेक

सेफर झाकून ठेवल्यावरच फेका, आणि वड्या नको गं, एप्रिलमध्ये त्या विरघळून सिसिथला चिकटतील. जेलीच्या घ्या, पण पाकिटावर जिलेटिन लिहिलंय का ते बघून, ते जनावरापासून करतात.

चरईची_आई

जिलेटिनचं लक्षातच आलं नसतं. थांबा, लेक शेजारी बसून वाचतोय हे सगळं, तो म्हणतोय त्याला कुणीच विचारलं नाही कुठल्या गोळ्या हव्यात. चिंचेच्या हव्यात म्हणे. आणि वही त्याने कपाटावर ठेवलीय, मला हात पोचत नाही तिथे.